साठवण साधनांच्या फर्मवेअर अद्यतन टिपा

हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्कला जोडलेले साठवण उपकरण यांच्या अंतर्गत आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. या आज्ञावलीची नवी आवृत्ती उपलब्ध करून देताना उत्पादक जे लेखी निवेदन प्रसिद्ध करतो, त्याला फर्मवेअर अद्यतन टीप असे म्हटले जाते. नव्या आवृत्तीत काय बदलले, ती कोणत्या साधनांना लागू आहे, ती बसवणे किती तातडीचे आहे आणि बसवताना कोणती काळजी घ्यावी, ही माहिती अशा टिपेत अपेक्षित असते. प्रत्यक्षात काही टिपा कित्येक परिच्छेदांच्या असतात, तर काही ‘स्थैर्य व कार्यक्षमतेत सुधारणा’ एवढ्या एका ओळीतच संपतात.

टिपेत किती तपशील असावा, हा संगणक उद्योगातील जुना वादविषय आहे. साठवण साधनांच्या बाबतीत त्याला विशेष महत्त्व येते, कारण बदल होणार असतो त्याच वस्तूत वापरकर्त्याचा डेटा असतो. अद्यतन न केल्यास डेटा गमावण्याची शक्यता असते आणि अद्यतन फसल्यासही तीच शक्यता असते. यांपैकी कोणता धोका मोठा आहे हे ठरवण्यासाठी सामान्य वापरकर्त्याकडे बहुधा ती टीपच एकमेव साधन असते.

फर्मवेअरचे कार्य

साठवण साधनात एक नियंत्रक चिप असते आणि तिच्यावर फर्मवेअर चालते. हार्ड डिस्कमध्ये तबकडीचा वेग, वाचन-लेखन शीर्षाची जागा, खराब झालेल्या भागांची नोंद आणि त्यांऐवजी राखीव भागांचा वापर ही कामे फर्मवेअर करते. एसएसडीमध्ये त्याचे काम अधिक गुंतागुंतीचे असते. फ्लॅश स्मृतीतील प्रत्येक पेशी मर्यादित वेळाच लिहिता व पुसता येते. त्यामुळे लेखनाचा भार सर्व पेशींवर सारखा वाटणे, संगणकाने मागितलेला पत्ता आणि डेटा प्रत्यक्षात जिथे आहे ती जागा यांची सांगड घालणारा तक्ता सांभाळणे, चुका दुरुस्त करणे आणि निरुपयोगी झालेली जागा मोकळी करणे ही सर्व जबाबदारी फर्मवेअरवर असते. हा तक्ता बिघडल्यास डेटा चिपमध्ये जसाच्या तसा असूनही तो सापडत नाही.

संगणकाला फर्मवेअरची ओळख अत्यंत त्रोटक स्वरूपात मिळते. एटीए आणि एनव्हीएमई या दोन्ही मानकांत फर्मवेअर आवृत्तीसाठी केवळ आठ अक्षरांची जागा राखलेली आहे. या आठ अक्षरांवरून आवृत्ती जुनी की नवी, सदोष की निर्दोष हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्यांचा अर्थ लावण्याचे काम अद्यतन टिपेने करायचे असते.

अद्यतनाची प्रक्रिया व जोखीम

नवे फर्मवेअर साधनाकडे पाठवण्यासाठी प्रत्येक मानकात स्वतंत्र आज्ञा आहेत. एटीए साधनांसाठी ‘डाउनलोड मायक्रोकोड’, स्कझी कुळातील साधनांसाठी ‘राइट बफर’, तर एनव्हीएमई साधनांसाठी ‘फर्मवेअर इमेज डाउनलोड’ व ‘फर्मवेअर कमिट’ या आज्ञा वापरल्या जातात. एनव्हीएमई मानकानुसार एका साधनात एक ते सात फर्मवेअर कप्पे असू शकतात. एकाहून अधिक कप्पे असल्यास जुनी आवृत्ती शिल्लक ठेवून नवी तपासून पाहण्याची सोय होते. परंतु अनेक उत्पादक सुरक्षेच्या कारणास्तव जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याचा मार्ग बंद ठेवतात. अशा वेळी अद्यतन हा एकदिशा प्रवास ठरतो आणि ही गोष्ट वापरकर्त्याला आधी माहीत असणे आवश्यक ठरते.

अद्यतन सुरू असताना वीजपुरवठा खंडित होणे, यूएसबी जोडणी सैल होणे किंवा चुकीच्या मॉडेलसाठीचे फर्मवेअर चढवले जाणे ही अपयशाची नेहमीची कारणे आहेत. बहुतेक अद्यतनांत साठवलेला डेटा कायम राहतो. तरीही अगोदर डेटाची दुसरी प्रत काढून ठेवावी, असा सल्ला जवळजवळ सर्व उत्पादक देतात.

तपशिलाच्या पातळ्या

एकाच दोषाविषयीची टीप वेगवेगळ्या पातळ्यांवर लिहिता येते. पुढील चार नमुने एका काल्पनिक दोषाविषयी आहेत.

पहिली पातळी: ‘साधनाचे स्थैर्य सुधारले आहे.’

दुसरी पातळी: ‘काही परिस्थितींत साधन प्रतिसाद देणे थांबवत असे, ती अडचण दूर केली आहे.’

तिसरी पातळी: ‘मार्चपूर्वी विकलेल्या एक टेराबाइट क्षमतेच्या साधनांत, लेखन सुरू असताना वीज गेल्यास पुढच्या वेळी साधन संगणकाला दिसत नाही. आतील डेटा नष्ट होत नाही, परंतु वापरकर्त्याला तो वाचता येत नाही. हे अद्यतन दोष टाळते. ज्या साधनात दोष आधीच उद्भवला आहे ते यामुळे दुरुस्त होत नाही. अद्यतनानंतर जुन्या आवृत्तीकडे परतता येत नाही.’

चौथी पातळी: वरील सर्व माहितीसह दोषाचे तांत्रिक मूळ, म्हणजे पत्त्यांचा तक्ता कोणत्या क्षणी अपुरा लिहिला जात होता आणि नव्या आवृत्तीत तो क्रम कसा बदलला, याचे विवेचन.

पहिल्या दोन पातळ्यांवरून वाचकाला कोणताही निर्णय घेता येत नाही. आपले साधन बाधित आहे काय, थांबल्यास काय होईल आणि आज काय करावे, या तीन प्रश्नांची उत्तरे तिसऱ्या पातळीवर मिळतात. चौथी पातळी मुख्यतः अभियंते, डेटा पुनर्प्राप्ती करणारे तंत्रज्ञ आणि संशोधक यांच्या उपयोगाची असते. वादात ‘अधिक तपशील’ हा शब्दप्रयोग अनेकदा तिसऱ्या व चौथ्या पातळीसाठी सरसकट वापरला जातो. उत्पादकांचे आक्षेप प्रामुख्याने चौथ्या पातळीला असतात, तर वापरकर्त्यांची मागणी बहुतांशी तिसऱ्या पातळीपुरतीच असते.

उल्लेखनीय घटना

सीगेट बॅराकुडा ७२००.११ (२००८–०९): डिसेंबर २००८ पर्यंत बनलेल्या या मालिकेतील काही हार्ड डिस्क संगणक सुरू करताना अचानक ओळखल्या जाईनाशा झाल्या. डेटा पुसला जात नसे, पण तो उपलब्धही होत नसे. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने दोष मान्य करून नवे फर्मवेअर दिले. मात्र त्यातील एका आवृत्तीमुळे ५०० गिगाबाइट क्षमतेच्या काही डिस्क बंद पडल्याने ती मागे घेऊन सुधारित आवृत्ती द्यावी लागली. ज्या वापरकर्त्याची डिस्क चांगली चालत होती, त्याने अद्यतन करावे की थांबावे हा प्रश्न या घटनेत पुढे आला. त्याचे उत्तर मॉडेल, क्षमता व आवृत्ती यांच्या अचूक यादीवर अवलंबून होते.

इंटेल ३२० (२०११): या एसएसडी मालिकेतील काही साधने अनपेक्षितपणे वीज गेल्यानंतर स्वतःची क्षमता केवळ ८ मेगाबाइट असल्याचे दाखवू लागली आणि आतील डेटा वापरकर्त्याच्या हातून गेला. ऑगस्ट २०११ मध्ये कंपनीने दुरुस्तीचे फर्मवेअर प्रसिद्ध केले. वीज वारंवार जाणाऱ्या भागात हा दोष उद्भवण्याची संधी अर्थातच अधिक होती. त्यामुळे दोषाला निमित्त ठरणारी परिस्थिती टिपेत लिहिली जाणे का महत्त्वाचे आहे, याचे हे उदाहरण मानता येते.

क्रुशियल एम४ (२०१२): जानेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ०३०९ या आवृत्तीची टीप नेमक्या लेखनाचा नमुना ठरते. साधन एकूण ५,१८४ तास चालल्यानंतर प्रतिसाद देणे थांबवते. वीज बंद करून पुन्हा सुरू केल्यास ते चालू होते, पण त्यानंतर दर तासाला हाच प्रकार घडतो. साठवलेल्या डेटाला धोका नाही आणि दोष उद्भवल्यावरही अद्यतन करता येते, एवढी माहिती तीत होती. दोषाचे कारण एका मोजणीशी संबंधित चुकीचा प्रतिसाद हे आहे, असेही तीत थोडक्यात सांगितले होते. ५,१८४ तास म्हणजे अखंड चालणाऱ्या संगणकासाठी २१६ दिवस, तर रोज आठ तास चालणाऱ्या संगणकासाठी सुमारे पावणेदोन वर्षे. एका आकड्यामुळे प्रत्येक वापरकर्त्याला आपल्यापुरते उत्तर काढता आले.

सॅमसंग ८४० ईव्हीओ (२०१४–१५): या एसएसडीवर बराच काळ न बदललेल्या फाइली वाचताना वेग मोठ्या प्रमाणात घटत असल्याचे २०१४ मध्ये उघड झाले. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने नवे फर्मवेअर आणि जुना डेटा नव्याने लिहिणारे एक साहाय्यक सॉफ्टवेअर दिले. काही महिन्यांत अडचण परतल्यामुळे एप्रिल २०१५ मध्ये दुसरे फर्मवेअर आले. ते जुना डेटा अधूनमधून आपोआप पुन्हा लिहिते. हे काम साधनाला वीज मिळत असतानाच होऊ शकते. त्यामुळे एसएसडी महिनोन्‌महिने कपाटात ठेवणाऱ्या व्यक्तीसाठी दुरुस्तीची ही पद्धत समजणे आवश्यक होते.

एचपीई (२०१९–२०): नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या काही एसएसडींबाबत सूचना काढली. ‘एचपीडी८’ पूर्वीच्या फर्मवेअरवर चालणारी ही साधने ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यावर कायमची बंद पडतात आणि त्यानंतर ना साधन परत मिळवता येते ना डेटा, असे तीत स्पष्ट म्हटले होते. ३२,७६८ ही संख्या २ चा १५ वा घात आहे. सोळा बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावणाऱ्या कमाल संख्येपेक्षा ती एकाने जास्त आहे. एकाच दिवशी बसवलेली साधने जवळजवळ एकाच वेळी बंद पडतील, हा इशाराही सूचनेत होता. एक डिस्क गेली तर दुसरी तिचे काम चालवील, या तत्त्वावर आधारलेल्या रेड रचनेसाठी तो अत्यंत महत्त्वाचा होता. मार्च २०२० मध्ये अन्य काही मॉडेलांसाठी ४०,००० तासांच्या मर्यादेची अशीच सूचना देण्यात आली.

माय बुक लाइव्ह (२०२१): जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या या जुन्या नेटवर्क साठवण उपकरणांवरील डेटा अनेक देशांत एकाएकी पुसला गेला. हल्लेखोरांनी इंटरनेटवरून उपकरणे मूळ स्थितीत आणणारी आज्ञा दिली होती. या उपकरणांना शेवटचे फर्मवेअर २०१५ मध्ये मिळाले होते. ही आज्ञा देताना पासवर्ड तपासणारा भाग फर्मवेअरमध्ये निष्क्रिय राहिल्याचे नंतर आढळले. अद्यतन टिपा येणे थांबले आहे, ही बाबही वापरकर्त्याला स्पष्ट शब्दांत कळवायला हवी, हा मुद्दा या घटनेनंतर चर्चेत आला.

क्यूनॅप (२०२२): जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने क्यूनॅप कंपनीच्या उपकरणांवर हल्ला चढवला. संसर्ग रोखण्यासाठी कंपनीने अद्यतन स्वतःहून उपकरणांवर पोहोचवले. स्वयंचलित अद्यतन बंद ठेवल्याचे सांगणाऱ्या काही ग्राहकांच्या उपकरणांतही ते बसले आणि काहींच्या नेटवर्क जोडण्या त्यामुळे तुटल्या. तातडी आणि संमती यांच्यातील ताण या प्रसंगी स्पष्ट झाला.

सॅमसंग ९९० प्रो (२०२३): या एसएसडीचा ‘आरोग्य’ दर्शवणारा आकडा अपेक्षेपेक्षा फार वेगाने घसरत असल्याच्या तक्रारी आल्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये नवे फर्मवेअर देण्यात आले. त्यामुळे पुढील घसरण थांबणार होती. आधी घटलेला आकडा मात्र पूर्ववत होणार नव्हता.

कमी तपशिलाच्या बाजूचे युक्तिवाद

उत्पादक त्रोटक टिपांचे समर्थन अनेक कारणांनी करतात. फर्मवेअरमधील पद्धती हे व्यापारी गुपित असते आणि सविस्तर टिपांतून प्रतिस्पर्ध्यांना त्यांचा अंदाज येऊ शकतो. सुरक्षा त्रुटीचे वर्णन वाचून हल्लेखोर अद्यतन न केलेल्या साधनांना लक्ष्य करू शकतात. दोषाची कबुली कायदेशीर दाव्यांत पुरावा म्हणून वापरली जाण्याची भीती असते. काही वेळा नियंत्रक चिप किंवा संपूर्ण साधन दुसऱ्या कंपनीने बनवलेले असते आणि विक्रेत्या कंपनीला दोषाचे मूळ जाहीर करण्याची मुभा नसते. याशिवाय क्वचित उद्भवणाऱ्या दोषाचे ठळक वर्णन वाचून घाबरलेले वापरकर्ते घाईघाईने अद्यतन करतात आणि त्या घाईतच चूक होते, असाही अनुभव सांगितला जातो.

अधिक तपशिलाच्या बाजूचे युक्तिवाद

सविस्तर टिपांचे पुरस्कर्ते म्हणतात की अद्यतन करण्याचा निर्णय आणि त्याचा धोका दोन्ही वापरकर्त्याच्या माथी असतात. म्हणून निर्णयाला पुरेल एवढी माहिती मिळणे हा त्याचा हक्क ठरतो. त्रोटक टिपेमुळे दोन विरुद्ध दिशांनी हानी होते. दोष गंभीर असूनही वापरकर्ता ‘चालतेय ते चालू द्यावे’ म्हणून थांबतो, किंवा दोष आपल्याला लागू नसतानाही विनाकारण जोखीम पत्करतो.

सुरक्षेच्या युक्तिवादालाही मर्यादा आहेत. कसबी हल्लेखोर जुन्या व नव्या फर्मवेअरची तुलना करून बदललेला भाग शोधू शकतात. त्यामुळे टीप मोघम ठेवल्याने माहिती लपते ती मुख्यत्वे सामान्य वापरकर्त्यापासून, असे या बाजूचे म्हणणे आहे. फर्मवेअरची फाइल सांकेतिक स्वरूपात दिली जात असल्यास ही तुलना अवघड होते, हे मात्र खरे. व्यापारी गुपिताचा मुद्दा दोषाच्या कारणाला लागू होतो. दोषाच्या परिणामाला तो लागू होत नाही. ‘५,१८४ तासांनंतर साधन थांबते’ या वाक्यातून कोणतीही पद्धत उघड होत नाही.

सुरक्षा त्रुटींची विशेष स्थिती

नोव्हेंबर २०१८ मध्ये नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही एसएसडींमधील अंगभूत सांकेतिकीकरण पासवर्डशिवाय ओलांडता येते, असे दाखवून दिले. क्रुशियल व सॅमसंगची काही मॉडेले त्यांच्या अभ्यासात होती. उत्पादकांना ही बाब काही महिने आधी, एप्रिल २०१८ मध्येच कळवली होती. या पद्धतीला समन्वयित प्रकटीकरण म्हणतात: प्रथम उत्पादकाला दुरुस्तीसाठी मुदत दिली जाते, त्यानंतर माहिती सर्वांसाठी खुली होते. आयएसओ/आयईसी २९१४७ हे आंतरराष्ट्रीय मानक याच विषयाशी संबंधित आहे.

या प्रकरणात काही साधनांसाठी फर्मवेअर अद्यतन मिळाले, तर काही साधनांच्या वापरकर्त्यांना संगणकावरील सॉफ्टवेअरद्वारे सांकेतिकीकरण करण्याचा सल्ला देण्यात आला. विंडोजमधील बिटलॉकर ही सुविधा तेव्हा साधनाच्या अंगभूत सांकेतिकीकरणावर विसंबून राहत असे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे धोरण बदलले. तपशील केव्हा द्यावा हा प्रश्न किती द्यावा या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, हे यातून दिसते. दुरुस्ती उपलब्ध होईपर्यंत हल्ल्याची रीत राखून ठेवण्याचे कारण असते. दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यावर ते क्षीण होत जाते.

मानकीकरणाचे प्रयत्न

लिनक्स प्रणालीवर फर्मवेअर वितरणासाठी २०१५ पासून लिनक्स व्हेंडर फर्मवेअर सर्व्हिस ही सेवा कार्यरत आहे. तिच्यामार्फत येणाऱ्या प्रत्येक आवृत्तीसोबत वर्णन, तातडीची श्रेणी आणि संबंधित सुरक्षा त्रुटींचे क्रमांक ठरावीक साच्यात देण्याची सोय आहे. तातडीच्या श्रेणी सौम्य ते अतिगंभीर अशा असतात. साचा ठरलेला असल्याने वापरकर्त्याला निरनिराळ्या उत्पादकांच्या टिपा एकाच पद्धतीने वाचता येतात.

कायदेशीर तरतुदी

युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अंमलात आला असून त्यातील मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहेत. सुरक्षा अद्यतन उपलब्ध केल्यानंतर दुरुस्त झालेल्या त्रुटीचे वर्णन, बाधित उत्पादन ओळखण्याची माहिती, परिणाम, तीव्रता आणि वापरकर्त्याने करावयाची कृती जाहीर करणे त्यानुसार उत्पादकावर बंधनकारक आहे. योग्य कारण असल्यास वापरकर्त्यांना अद्यतन करण्याची संधी मिळेपर्यंत हे प्रकटीकरण लांबवता येते. ही यादी वर वर्णन केलेल्या तिसऱ्या पातळीशी बरीचशी जुळते, परंतु ती सुरक्षा त्रुटींपुरती मर्यादित आहे. ठरावीक तासांनंतर बंद पडणे यासारखे दोष तीत आपोआप येत नाहीत. युनायटेड किंग्डममध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडता येणाऱ्या ग्राहकोपयोगी उपकरणांसाठी सुरक्षा अद्यतने किमान किती काळ मिळतील हे जाहीर करणे सक्तीचे आहे.

भारतात फर्मवेअर अद्यतन टिपेचा मजकूर ठरवणारी अशी स्वतंत्र तरतूद नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता, दर्जा व किंमत यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला आहे. याच अधिनियमातील उत्पादन दायित्वाच्या प्रकरणानुसार, हानी टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबाबतचा इशारा न दिल्यास उत्पादक जबाबदार ठरू शकतो. मात्र ‘हानी’च्या व्याख्येतून व्यावसायिक वा आर्थिक नुकसान वगळलेले आहे. सुरक्षा त्रुटींच्या बाबतीत माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०ब नुसार काम करणारी सर्ट-इन ही राष्ट्रीय संस्था तीव्रतेच्या श्रेणीसह सूचना प्रसिद्ध करते.

सोलापूरच्या संदर्भात

मोठ्या आस्थापनांत अद्यतन टिपा वाचून निर्णय घेणारा स्वतंत्र विभाग असतो. लहान उद्योगांच्या शहरांत हे काम बहुधा मालकाला, हिशेबनिसाला किंवा बाहेरून येणाऱ्या संगणक दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाला करावे लागते. सोलापूर हे यंत्रमागाचे शहर आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्ही उत्पादनांना भौगोलिक निर्देशन मिळालेले आहे. चादरीवरील जॅकार्ड नक्षी संगणकावर आखली जाते तेव्हा वर्षानुवर्षांच्या नक्ष्या फाइलींच्या रूपात डिस्कवर साठत जातात. अशी फाइल गेल्यास तयार चादरीवरून नक्षी पुन्हा उतरवून घ्यावी लागते.

हिशेबाच्या बाबतीत कायद्याचेही बंधन आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. २०१९ मधील दोष असलेले साधन अखंड चालवल्यास ते त्याआधीच, पावणेचार वर्षांच्या आसपास, बंद पडले असते. रोज दहा तास आणि वर्षातून तीनशे दिवस चालणाऱ्या संगणकाला मात्र तेवढे तास पुरे व्हायला जवळजवळ अकरा वर्षे लागली असती. म्हणजे दोष तोच, पण चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरला तो लवकर गाठतो आणि दुकानातील संगणकाला बहुधा गाठतच नाही. टिपेत तासांचा आकडा नसता तर हा फरक कुणालाच करता आला नसता.

तक्रार निवारणाच्या दृष्टीने २०१९ च्या अधिनियमात एक महत्त्वाची सोय आहे. ग्राहक जिथे राहतो किंवा उपजीविकेसाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार दाखल करता येते. त्यामुळे ऑनलाइन घेतलेल्या डिस्कबाबत सोलापूरच्या रहिवाशाला विक्रेत्याच्या शहरात जाण्याची गरज उरत नाही. मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाच्या अधिकारक्षेत्रात येते. व्यापारी हेतूने केलेली खरेदी अधिनियमाच्या कक्षेबाहेर असली, तरी स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू त्याला अपवाद आहे. अशा तक्रारीत दोष माहीत असूनही कळवला नाही, की कळवूनही ग्राहकाने दुर्लक्ष केले, हा प्रश्न उपस्थित झाल्यास अद्यतन टिपेतील शब्द व तिची तारीख पुरावा म्हणून महत्त्वाची ठरू शकते.

भाषेचा प्रश्न

साठवण साधनांच्या अद्यतन टिपा प्रामुख्याने इंग्रजीत असतात. त्यांतील ‘शिफारस केलेले’, ‘महत्त्वाचे’ व ‘अतिगंभीर’ या श्रेणींचा अर्थ प्रत्येक कंपनीत थोडा वेगळा असतो. मराठी वाचकासाठी केवळ शब्दांचे भाषांतर पुरेसे ठरत नाही. ‘आज करावे’, ‘सवडीने करावे’ आणि ‘हा दोष नसल्यास करू नये’ असे कृतीच्या भाषेतील वर्गीकरण अधिक उपयोगी पडते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीसह विविध भाषांत तक्रार नोंदवता येते. मात्र तक्रारीपूर्वीचा टप्पा, म्हणजे सूचना समजणे, अद्याप इंग्रजीवरच अवलंबून आहे.

उपयुक्त टिपेचे निकष

वरील घटना व तरतुदी यांच्या आधारे पुरेशा टिपेत पुढील बाबी असाव्यात, असे म्हणता येते:

१. बाधित मॉडेल, क्षमता व फर्मवेअर आवृत्त्यांची नेमकी यादी आणि आपली आवृत्ती पाहण्याची रीत.

२. दोष कोणत्या परिस्थितीत उद्भवतो: किती तासांनी, वीज गेल्यावर, की विशिष्ट प्रकारच्या लेखनानंतर.

३. परिणाम: साधन तात्पुरते थांबते, कायमचे बंद पडते, की डेटा नष्ट होतो.

४. अद्यतनाने दोष केवळ टळतो, की झालेली हानीही भरून निघते.

५. अद्यतनापूर्वीची काळजी, लागणारा अंदाजे वेळ आणि जुन्या आवृत्तीकडे परतण्याची शक्यता.

६. तातडीची श्रेणी व तिचा अर्थ.

७. प्रसिद्धीची तारीख, तसेच आवृत्ती मागे घेतली असल्यास त्याची ठळक नोंद. मागे घेतलेल्या आवृत्तीची टीप काढून टाकल्यास ती आधीच बसवलेल्या वापरकर्त्याला पुढे काय करावे हे कळत नाही.

८. अद्यतने बंद होणार असल्यास अखेरची तारीख आणि त्यानंतर साधन इंटरनेटला जोडलेले ठेवावे की नाही, याबाबतचा सल्ला.

या आठ बाबींसाठी फर्मवेअरची अंतर्गत रचना उघड करावी लागत नाही आणि मजकूरही सहसा एका पानाच्या आत मावतो. टिपेची गुणवत्ता तिच्या लांबीवरून ठरत नाही. ती वाचून साधनाच्या मालकाला आपल्या डेटाविषयी निर्णय घेता येतो की नाही, यावरून ती ठरते.